डोळ्यात तेल घालून

मुद्रितशोधकाला दिवाळी नसते, दिवाळी अंक असतात. गणपती गेले की प्रुफांचे गठ्ठे यायला लागतात आणि दसरा उलटेपर्यंत मान वर करायची सोय नसते. गेली अठ्ठावीस वर्षं मी हे काम करते आहे. गठ्ठा टेबलावर ठेवताना संपादक न चुकता म्हणतात, "ताई, जरा डोळ्यात तेल घालून बघा हं." मीही न चुकता मान डोलावते. सहा वर्षांपूर्वीच्या एका आश्विनात या वाक्यातलं 'तेल' माझ्या डोळ्यातून खरोखरच संपत आलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात झाली वेलांटीपासून. दुसरी वेलांटी कुठे संपते आणि पुढचं अक्षर कुठे सुरू होतं, ते संध्याकाळी दिसेनासं व्हायचं. पापणी मिटून उघडली की ओळ लख्ख दिसायची, आणि चार-पाच शब्द वाचून होईतो पुन्हा कुणी काचेवर फुंकर मारल्यासारखी धूसर व्हायची. सकाळी उठताना पापण्या डोळ्याला चिकटलेल्या असत. दुपारी डोळ्यात बारीक वाळू गेल्यासारखं खुपायचं. आणि बाहेर पडलं की धार लागायची. रिक्षात बसून लक्ष्मी रस्त्यानं जाताना माझ्या गालांवरून इतकं पाणी ओघळायचं की एकदा रिक्षावाल्या काकांनी आरशात बघून, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं होतं.

पहिल्यांदा चष्म्याचा नंबर बदलला. मग दुसऱ्या ठिकाणी ॲलर्जीचे थेंब मिळाले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलानं लाली घालवणारे थेंब दिले. त्यांनी डोळे दोन दिवस पांढरेशुभ्र झाले आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा लाल. एका मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या होऊन 'डोळे नॉर्मल आहेत, स्क्रीन कमी करा' असं कागदावर लिहून मिळालं. पडदा चांगला, दाब चांगला, मोतीबिंदू अजून कोवळा. डोळ्याच्या आतलं सगळं पाहून झालं होतं. पापणी मात्र कुणी पाहिली नव्हती.

पाहिली ती पाचव्या डॉक्टरांनी. वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, खालची पापणी बोटानं थोडी बाहेर वळवली आणि कापसाच्या काडीनं तिची कड दाबली. दुखलं. मग समोरच्या पडद्यावर तेच दृश्य मोठं करून दाखवलं. पापणीच्या कडेवर, केसांच्या ओळीच्या मागे, टाचणीनं टोचल्यासारख्या बारीक भोकांची एक रांग असते. निरोगी माणसात तिथून दाबल्यावर स्वच्छ, पातळ तेल येतं. माझ्या भोकांतून आली पांढरट, दाणेदार पेस्ट, दाताच्या पेस्टच्या ट्यूबचं तोंड वाळलं की जसा तो घट्ट किडा बाहेर येतो तशी. काही भोकांतून काहीच आलं नाही. "काकू, तुम्हाला पाणी कमी नाहीये," त्या म्हणाल्या, "तेल कमी आहे."

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. प्रूफ वाचणाऱ्याला खोड असते, चूक कुठे झाली ते मूळ हस्तलिखितापर्यंत जाऊन बघायची.

आपण ज्याला अश्रू म्हणतो ते नुसतं खारं पाणी नसतं. डोळ्याच्या बुबुळावर पाणी पसरून राहावं यासाठी तळाला चिकट श्लेष्माचा थर, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ तवंग असतो. किती पातळ? सगळी अश्रूंची चादर मिळून साधारण तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग गुणिले तीन. आणि तेलाचा थर त्याच्याही कितीतरी पट बारीक, मायक्रॉनच्या विसाव्या भागाएवढा. मिसळीच्या तर्रीला आपण तवंग म्हणतो, हा त्या मानानं तेलाची नुसती आठवण. पण ही आठवण नसेल तर पाणी भराभर उडून जातं. साइइची मिशिमा आणि डेव्हिड मॉरिस यांनी १९६१ साली सशांच्या डोळ्यांवरचा हा थर काढून पाहिला, तेव्हा बाष्पीभवन अनेक पटींनी वाढलेलं दिसलं. माणसाच्या डोळ्यात हा थर नेमका किती पाणी अडवतो यावर शास्त्रज्ञांचे मतभेद अजून आहेत, पण तवंग बिघडला की चादर लवकर फाटते याबद्दल फारसं दुमत नाही.

मग माझ्या डोळ्यातून धार का लागायची? चादर फाटली की बुबुळाचा उघडा पडलेला ठिपका चुरचुरतो, मेंदूला संदेश जातो, आणि मोठी अश्रुग्रंथी घाईघाईनं बादलीभर पाणी ओतते. ते पाणी तेलाविना असतं, म्हणून टिकत नाही, गालावर येतं. डोळे कोरडे म्हणून डोळ्यांत पाणी. हे रुग्णाला पटवून देताना डॉक्टरांची दमछाक होते, आणि खरं सांगायचं तर मलाही पहिल्यांदा ऐकताना थट्टाच वाटली होती.

हे तेल तयार करणाऱ्या ग्रंथी पापणीच्या आतल्या कडक पट्टीत उभ्या रांगेत बसवलेल्या असतात. वरच्या पापणीत तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. त्वचेतल्या तेलग्रंथींच्याच या बहिणी, फक्त यांना केस नसतो. यांचं काम करण्याची तऱ्हा अंगावर काटा आणणारी आहे: ग्रंथीतली पेशी तेलानं फुगत जाते आणि शेवटी स्वतःच फुटते, तिचं सगळं शरीर म्हणजेच ते तेल. पापणी मिटताना स्नायूचा दाब पडतो, भोकातून थेंबभर तेल कडेवर येतं, आणि पापणी उघडताना ते पाण्यावर पसरतं. दर मिटण्याला हा खेळ.

या ग्रंथींना नाव आहे हाइनरिश मायबोम यांचं. जर्मनीतल्या हेल्मश्टेट विद्यापीठात वैद्यक शिकवणाऱ्या या गृहस्थांनी १६६६ साली पापण्यांतल्या या नव्या नलिकांवर लॅटिनमध्ये एक छोटी पत्रवजा पुस्तिका लिहिली. इकडे त्याच साली शिवाजी महाराज आग्र्याला गेले होते. एवढ्या जुन्या ग्रंथींच्या आजाराला मात्र नाव मिळायला तीनशेहून जास्त वर्षं गेली. डोनाल्ड कॉर्ब आणि अँटोनियो हेन्रिकेझ यांनी १९८० साली 'मायबोमियन ग्रंथींचा बिघाड' हा शब्दप्रयोग रूढ केला. डॉक्टर आता त्याला नुसतं 'एमजीडी' म्हणतात. कॉर्ब हे बॉस्टनचे ऑप्टोमेट्रिस्ट. कॉन्टॅक्ट लेन्स न सोसणाऱ्या रुग्णांच्या पापण्या दाबून पाहताना त्यांना भोकांतून ती घट्ट पेस्ट दिसली होती. २०११ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन या आजारावर सविस्तर अहवाल काढला, आणि २०१२ मधल्या एका अभ्यासात कोरड्या डोळ्याच्या वर्गीकरण झालेल्या रुग्णांपैकी ८६ टक्क्यांमध्ये या ग्रंथींच्या बिघाडाच्या खुणा सापडल्या. आणि तरीही आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत पहिला हात जातो तो कृत्रिम अश्रूंच्या बाटलीकडे. पाण्यावर पाणी.

आता ते तेल घट्ट का होतं, हे समजायला न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पुरते. डिसेंबरात बाटली पांढरी होते, उलटी केली तरी थेंब पडत नाही. आई ती बंबाजवळ ठेवायची, किंवा पितळी तपेल्यातल्या गरम पाण्यात उभी करायची. पाच मिनिटांत कडा पारदर्शक व्हायच्या आणि मध्ये पांढरा गड्डा तरंगायचा. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास वितळतं. डोळ्यातलं निरोगी तेल बत्तीसच्या आसपास वितळतं, आणि पापणीचं तापमान त्याच्या थोडं वर असतं, म्हणून ते नेहमी वाहतं राहतं. ग्रंथी बिघडल्या, त्यांच्या तोंडाशी कातडीच्या पेशींचे पापुद्रे जमले, जंतूंनी तेलातले घटक तोडले, की हा वितळण्याचा अंश वर सरकतो. दोन-तीन अंशांचा फरक. तेवढ्यानं माझ्या पापणीत बारमाही डिसेंबर आला होता.

आणि तोंड बंद राहिलं की आत तेल साचतं, नलिका फुगते, मागच्या तेल बनवणाऱ्या पेशी दाबानं सुकतात. शेवटी ग्रंथीच नाहीशी होते. हे दिसतं कसं, ते मला त्याच दवाखान्यात पाहायला मिळालं. पापणी उलटी करून इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं फोटो काढतात. हा फोटो त्वचेला स्पर्श न करता सहज काढण्याची पद्धत जपानच्या रेइको अरिता यांनी २००८ साली मांडली. निरोगी पापणीत ग्रंथी पेटीच्या पट्ट्यांसारख्या, पांढऱ्या आणि शिस्तीत उभ्या दिसतात. माझ्या डाव्या खालच्या पापणीत नाकाकडच्या बाजूच्या पट्ट्या अर्ध्यावर तुटलेल्या होत्या आणि मधल्या तीन-चार अजिबात नव्हत्या. तिथे नुसता करडा पडदा. गेलेली ग्रंथी परत येत नाही असंच आज मानलं जातं. मी फोटोकडे बघत बसले. लहानपणी शेजारच्या काकांच्या पेटीचे असेच चार सूर गेले होते आणि ते त्या सुरांना वळसा घालून भजन म्हणत.

हे का झालं, याचं एकच उत्तर नसतं. वय हे मोठं कारण. बायकांमध्ये हा त्रास जास्त आढळतो, कारण या ग्रंथी पुरुषी संप्रेरकांच्या, म्हणजे ॲन्ड्रोजनच्या तालावर चालतात आणि पाळी थांबताना ते खालावतात. मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या या ग्रंथी सुकवतात. ती गोळी घेणाऱ्या कॉलेजातल्या मुलामुलींना हे सांगितलेलं असतंच असं नाही. अनेक वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स, चेहऱ्यावर लाली आणणारा रोझेशिया, काचबिंदूचे काही थेंब, पंख्याखाली थेट तोंडावर वारा घेत झोपणं. काजळ, हो, आमच्या घरचं काजळसुद्धा. निरांजनाच्या ज्योतीवर धरलेल्या वाटीतली काजळी तुपात किंवा एरंडेलात खलून केलेलं. ते पापणीच्या आतल्या कडेवर, नेमकं त्या भोकांच्या रांगेवरच ओढायचं, वर्षानुवर्षं, रोज. बाजारातली पेन्सिलही तिथेच फिरते. केसांच्या बाहेरच्या बाजूला काजळ लावलं तर कमी अपाय होतो, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या, कारण त्यांनी आतूनच लावलं होतं.

सगळ्यात मोठा चोर मात्र डोळे न मिटणं हा आहे. टोकियोचे काझुओ त्सुबोता आणि त्यांचे सहकारी नाकामोरी यांनी १९९३ साली ऑफिसातल्या माणसांची पापणी मोजली. निवांत बसलेलं असताना मिनिटाला २२ वेळा, पुस्तक वाचताना १०, आणि संगणकासमोर ७. आणि त्या सातांतल्या कितीतरी अर्धवट असतात, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. टेकली नाही तर दाब नाही, दाब नाही तर तेल नाही. प्रूफ वाचणं हे तर पुस्तक वाचण्याहून वाईट. आपण शब्द नव्हे, अक्षर वाचतो. एक दिवस नवऱ्याला घड्याळ लावून बसवलं. मी आतला मजकूर वाचत असताना पहिल्या मिनिटात चार वेळा पापणी मिटली. दुसऱ्या मिनिटाला त्यानं मोजणं सोडून चहा करायला घेतला. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत दिवसभर एसीच्या कोरड्या वाऱ्यात दोन-दोन पडद्यांसमोर बसणाऱ्या पोरांचं काय होत असेल, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

उपचारांवर येऊ. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण लोक इथेच हरतात.

पहिला उपचार शेक. ऐकायला इतका घरगुती की खरा वाटत नाही. लहानपणी रांजणवाडी झाली की आई उजव्या हाताचं बोट डाव्या तळव्यावर भराभर घासून, गरम झालं की पापणीला टेकवायची. आजी सहाणेवर काहीबाही उगाळून लावायची, पण खरं काम बोटाच्या ऊबेचंच होतं. रांजणवाडी म्हणजे याच किंवा शेजारच्या ग्रंथीत झालेला पू. आई काय करत होती, तर घट्ट तेल वितळवत होती. फक्त बोटाची ऊब दोन सेकंद टिकते आणि इथे पापणीच्या आतल्या बाजूला चाळीस अंशांच्या आसपास ऊब किमान पाच ते दहा मिनिटं हवी.

हे कठीण आहे. सुरुवातीला मी गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल ठेवायचे आणि मनात म्हणायचे की झालं. मग साखरेच्या पाकासाठी आणलेलं थर्मामीटर रुमालाच्या घडीत खोचून पाहिलं. दोन मिनिटांत पारा चाळीसच्या खाली. उरलेली आठ मिनिटं मी डोळ्यावर ओला रुमाल घेऊन नुसती पडून असे. शास्त्रज्ञांनीही हे मोजलं आहे. २०१५ साली कॉर्ब आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या शेकांची तुलना करून दाखवलं की सगळे शेक सारखे नसतात. त्यांची एक तऱ्हा मला आवडली: चार-पाच ओले नॅपकिन एकावर एक गुंडाळून कोबीच्या गड्ड्यासारखे करायचे, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे आणि दर दोन मिनिटांनी वरचं पान सोलावं तसा बाहेरचा नॅपकिन सोडवून डोळ्यावर ठेवायचा. आतले गरम राहतात. मी महिनाभर केलं. मग कंटाळून मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची दाण्यांची पट्टी विकत आणली. स्वच्छ मोज्यात तांदूळ भरून गाठ मारूनही काम चालतं, पण तव्यावर फडकं गरम करून डोळ्याला लावू नका. तापमान कळत नाही आणि पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ असते. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल तेवढंच. डोळा दाबायचा नाही.

शेकानंतर लगेच, तेल पातळ आहे तोवर, मालिश. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, नेहमी कडेच्या दिशेनं, पेस्टची ट्यूब बुडाकडून पिळतो तशी. हळू. मग कड पुसणं. पूर्वी लहान बाळाचा शाम्पू पाण्यात मिसळून कापसाच्या काडीनं कड पुसायला सांगत. आता पापणीसाठीच बनवलेले फेस किंवा पुसण्या मिळतात आणि बाळाचा शाम्पू मागे पडतो आहे, कारण तो डोळ्यातल्या श्लेष्मालाही धुऊन काढतो असं दिसलं.

एवढं रोज. पहिला महिना दोनदा, नंतर एकदा. फरक दिसायला सहा-आठ आठवडे. आणि थांबवलं की पुन्हा डिसेंबर. बहुतेक रुग्ण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. मीही एकदा सोडलं होतं, गौरीच्या गडबडीत. दात घासायला कुणी 'किती दिवस?' असं विचारत नाही, पण डोळ्याला मात्र आपल्याला कोर्स हवा असतो, पाच दिवसांचा.

कृत्रिम अश्रू निरुपयोगी नाहीत. माझ्या टेबलावर ते असतातच. पण डोळ्यात अश्रू असतात जेमतेम सात-आठ मायक्रोलिटर आणि एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. दोन घातले तर दुसरा गालावरच जातो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर बेन्झल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक नसलेलेच घ्यावेत, कारण तेच रसायन डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करतं. तेलाचा अंश असलेले थेंबही मिळतात. इथे डोळ्यांसाठी एरंडेलाचा आग्रह धरणाऱ्या माझ्या आजीचा विजय झाला: सायक्लोस्पोरिनचं जे औषध अमेरिकेत २००२ साली कोरड्या डोळ्यासाठी मंजूर झालं, ते एरंडेलाच्या पांढऱ्या इमल्शनमध्येच दिलेलं आहे. म्हणून स्वयंपाकघरातलं एरंडेल डोळ्यात घालायला कुणी जाऊ नये. ते निर्जंतुक नसतं. गुलाबपाणी, मध, गाळलेलं त्रिफळ्याचं पाणी, यांचंही तेच. एक ओळखीच्या बाई मधाचे थेंब घालून डोळे सुजवून बसल्या होत्या आणि तरी म्हणत होत्या की झोंबतंय म्हणजे काम करतंय.

सुश्रुतसंहितेत नेत्ररोग ७६ मोजले आहेत आणि त्यातले २१ केवळ वर्त्माचे, म्हणजे पापणीचे. पापणीला स्वतंत्र प्रकरण देणारं ते वैद्यक मला फार समजूतदार वाटतं. आपल्याकडे हल्ली पापणी म्हणजे डोळ्याचं दार, घंटा वाजवून आत जायचं, दाराला काय झालंय ते बघायचं नाही. पण त्या ग्रंथातल्या उपचारांचा हवाला देऊन कुणी घरच्या घरी काही करू लागलं तर मी विरोधात आहे.

औषधांत डॉक्सिसायक्लिन. हे प्रतिजैविक असलं तरी इथे ते कमी मात्रेत, आठवडे-महिने, जळजळ कमी करण्यासाठी आणि तेल तोडणाऱ्या जंतूंच्या विकरांना आवर घालण्यासाठी देतात. पोटात जळजळ होते, उन्हानं कातडी भाजते, गर्भार बाईला आणि लहान मुलांना चालत नाही, आणि रात्री घोटभर पाण्याबरोबर घेऊन आडवं झालं तर अन्ननलिकेत अडकून जखम करतं. पर्याय ॲझिथ्रोमायसिनचा, इराणमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच दिवसांच्या ॲझिथ्रोमायसिननं महिनाभराच्या डॉक्सिसायक्लिनपेक्षा थोडं सरस काम केलं. माझ्या पोटाला डॉक्सी सोसलं नाही, दुसरं सोसलं.

स्टेरॉइडचे थेंब डॉक्टर मोजून आठ-पंधरा दिवस देतात, तेव्हा ते जादू करतात. म्हणूनच ते धोकादायक. चिठ्ठी खिशात ठेवून माणूस दुकानातून तीच बाटली वर्षभर आणतो, काचबिंदू होतो आणि कळत नाही, कारण डोळे पांढरे दिसतात.

माशांच्या तेलाच्या कॅप्सूल मी दीड वर्ष खाल्ल्या. शाकाहारी घरात आधी त्याचीच चर्चा झाली. मग कळलं की अमेरिकेत २०१८ साली ५३५ रुग्णांवर एक वर्षाची मोठी चाचणी झाली, निम्म्याहून अधिक जणांना रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ आणि बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि सारखंच बरं वाटलं. मी डबा बंद केला. जवसाची चटणी चालू ठेवली, ती चवीसाठी.

पापणीच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा राहतो, त्याचा एक भाऊबंद याच तेलग्रंथींत. वयाबरोबर तो बहुतेकांत असतोच. केसाच्या बुडाशी कागदी नळकांडीसारखी पांढरी पुंगळी दिसली की डॉक्टरांना संशय येतो. चहाच्या झाडाच्या तेलाचे फेस त्यासाठी वापरतात. अमेरिकेत २०२३ साली लोटिलानेरचे थेंब खास याच्यासाठी मंजूर झाले. आपल्याला किडे आहेत हे ऐकून मी त्या रात्री उशी बदलली होती.

यंत्रांची तर आता रांग लागली आहे. लिपिफ्लो नावाचं यंत्र, ज्याच्यामागे पुन्हा कॉर्बच, २०११ साली अमेरिकेत मंजूर झालं: पापणीच्या आतून ४२.५ अंशांची ऊब आणि बाहेरून लयीत दाब, बारा मिनिटं. प्रत्येक रुग्णासाठी नवा भाग लागतो, म्हणून महाग. २०२४ च्या एका आढाव्यात त्याचा फायदा इतर नेहमीच्या उपचारांच्या तोडीचाच आढळला. म्हणजे वाईट नाही, पण कर्ज काढावं असंही नाही. दुसरी तऱ्हा प्रकाशाच्या झटक्यांची, आयपीएल. मेम्फिसचे डॉक्टर रोलांडो टोयोस यांच्या लक्षात आलं की रोझेशियासाठी गालावर हा प्रकाश घेणाऱ्यांचे डोळेही सुधारतात. २०२० मधल्या आढाव्याला मात्र निकष पुरे करणाऱ्या अवघ्या तीन चाचण्या मिळाल्या. आपल्यासाठी जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळीच: त्वचेतला रंग हा प्रकाश शोषून घेतो. गडद कातडीला भाजण्याचा, काळे-पांढरे डाग राहण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या यंत्राची परवानगी गोऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या त्वचेच्या सहा प्रतींपैकी पहिल्या चारांपुरतीच आहे. सावळ्या माणसानं 'माझ्यासारख्या किती लोकांवर केलंय?' हे विचारल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नये. फ्लोरिडातले स्टीव्हन मास्किन तर भोकांत केसाएवढी, ७६ मायक्रॉनची तार घालून नलिका मोकळी करतात. २०१० साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. स्वयंपाकघरातल्या स्टोव्हच्या पिनेची आठवण झाली मला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेल्यांसाठी एक गोष्ट, कारण हा अंक वाचणाऱ्या घरांत असं कुणी ना कुणी असतंच. चादर फाटकी असेल तर बुबुळाची मोजमापं चुकतात, त्यावरून निवडलेल्या लेन्सचा नंबर चुकू शकतो, आणि ऑपरेशननंतर खुपणं वाढतं. माझ्या मोठ्या नणंदेचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. सहा महिने त्या तक्रार करत होत्या आणि घरात सगळे त्यांना किरकिऱ्या ठरवत होते. शेवटी पापण्या दाबून बघितल्या. आता त्या आणि मी फोनवर शेकाच्या वेळा जुळवतो.

हा आजार माणसाला थोडा एकटा पाडतो, हे खरं आहे. बाहेरून काही दिसत नाही. वाऱ्यात उभं राहता येत नाही, लग्नाच्या हॉलमधला एसी नकोसा होतो, आणि 'डोळे खुपतात' एवढ्यासाठी कुणी सुट्टी देत नाही. दीर्घकाळ कोरड्या डोळ्यानं पिडलेल्यांत नैराश्याचं प्रमाण जास्त आढळतं. काहींच्या बाबतीत डोळा सुधारला तरी नसा दुखणं लक्षात ठेवतात आणि दुखतच राहतात; तो वेगळा, अवघड रस्ता आहे.

माझ्या डाव्या पापणीतल्या त्या तीन-चार पट्ट्या आल्या नाहीत. उरलेल्यांतून आता पातळ तेल येतं. दर वर्षी फोटो काढते, जुना आणि नवा शेजारी ठेवते. दोन आवृत्त्यांची प्रुफं ताडून बघावीत तसे. पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'मिट' एवढंच लिहिलेली. दर परिच्छेदाला डोळे पूर्ण मिटायचे, पापणीवर पापणी टेकल्याचं जाणवेपर्यंत, मग उघडायचे. पंखा भिंतीकडे फिरवलाय. काजळ बंद.

या वर्षीही गठ्ठे आले आहेत. सकाळी सव्वासातला दाण्यांची पट्टी डोळ्यावर ठेवून मी आडवी असते आणि नेमका तेव्हाच संपादकांचा फोन येतो, नवरा उचलतो. "हो, आहे ना," तो त्यांना सांगतो, "डोळ्यात तेल घालतेय. दहा मिनिटांनी करा."